वाक्यातून असमानता, असमानतेतून आलेख: पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

असमानता (म्हणजे 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठी' अशी तुलना चिन्हाने लिहिणं) शिकताना माझं नेहमी एकच व्हायचं: आकडा बरोबर यायचा आणि उत्तर चुकायचं. १२ च्या जागी १२ च असायचे, पण चिन्ह उलटं पडायचं, नाहीतर संख्यारेषेवर पोकळ वर्तुळ हवं तिथे मी भरीव काढायचे. आपलं बीजगणित कच्चं आहे असं मी धरून चालले होते. बऱ्याच वर्षांनी भाच्याचा अभ्यास घ्यायला बसले, तर त्याच्या वहीत हुबेहूब त्याच चुका. मग आम्ही दोघांनी एकेक वाक्य घेऊन ते उलगडून पाहिलं. चूक बीजगणितात नव्हतीच. ती त्याच्या आधी, वाक्य वाचताना होत होती. 'किमान', 'पेक्षा', 'ओलांडू नये' अशा शब्दांपाशी आम्ही थांबतच नव्हतो.

म्हणून या लेखात आकडेमोड थोडी आहे आणि वाक्य वाचणं जास्त. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या तीन नीट झाल्या की पुढच्या बऱ्याचशा आपोआप जमतात.

बसण्यापूर्वी जवळ काय हवं

- चौकटींची वही. चौकटी असल्या की संख्यारेषेवरची अंतरं सारखी पडतात.
- पेन्सिल, पट्टी, खोडरबर आणि एक रंगीत पेन.
- ऋण संख्यांची ओळख. −५ ही −३ पेक्षा लहान का, हे पटलेलं नसेल तर आधी तेवढं पक्कं करा.
- ही चार चिन्हं: < (पेक्षा लहान), > (पेक्षा मोठी), ≤ (पेक्षा लहान किंवा बरोबर), ≥ (पेक्षा मोठी किंवा बरोबर).

चिन्हांबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. < आणि > ही चिन्हं टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या लेखनातून १६३१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, छापून आली. 'किंवा बरोबर' दाखवण्यासाठी त्यांच्याखाली रेघा देण्याची पद्धत फ्रान्सच्या प्येर बुगेरने १७३४ मध्ये वापरली. म्हणजे त्या खालच्या रेघेला यायला आणखी शंभरेक वर्षं लागली. आपल्या बहुतेक चुका त्याच रेघेपाशी होतात, तेव्हा ती घाईत देऊ नका आणि घाईत विसरूही नका.

१. बदलणारी गोष्ट शोधा, तिला अक्षर द्या

वाक्य घेऊ: 'या लिफ्टमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ८ माणसं जाऊ शकतात.' यात ठरलेलं काय आहे? ८. बदलणारं काय आहे? आत असलेल्या माणसांची संख्या. वहीत पहिली ओळ अशी लिहा:

म = लिफ्टमधल्या माणसांची संख्या

'म = माणसं' असं लिहू नका. फरक बारीक वाटेल, पण अक्षर हे नेहमी संख्येच्या जागी येतं, वस्तूच्या जागी नाही. ही सवय सुटली की पुढे '७०म' म्हणजे काय तेच कळेनासं होतं. वजन, वेळ, लांबी असेल तर एककही त्याच ओळीत लिहा: 'व = वेळ, मिनिटांत'. 'अर्ध्या तासापेक्षा कमी' या वाक्यातून व < ३० येणार की व < ०.५, हे त्या एका शब्दावर ठरतं.

(पुस्तकांत बहुधा इंग्रजी अक्षरं दिसतील. मी इथे मराठी घेतली आहेत. कोणतंही चालतं, फक्त एका उदाहरणात एका गोष्टीला एकच.)

२. सीमेचा आकडा शोधा

ज्या आकड्यापाशी 'चालेल'चं 'चालणार नाही' होतं, तो सीमेचा आकडा. वाक्यात इतर आकडेही असू शकतात. 'तीन तासांच्या परीक्षेत पहिली ३० मिनिटं झाल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही.' बाहेर पडण्याच्या वेळेबद्दल विचारलं असेल तर सीमा ३० ची आहे. तीन तास ही नुसती माहिती. सीमेच्या आकड्याभोवती रंगीत पेनाने गोल करा.

३. सीमेलाच विचारा: तू आत की बाहेर?

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. मला स्वतःला जे समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला ते इथेच आहे.

चिन्ह लिहिण्यापूर्वी सीमेचा आकडा प्रत्यक्ष प्रसंगात ठेवून बघा. लिफ्टमध्ये नेमकी ८ माणसं आहेत. चालतं का? चालतं. म्हणजे ८ आत, खाली रेघ हवी: म ≤ ८.

मैदानी खेळांतलं एक उदाहरण मला यासाठी नेमकं वाटतं. १०० मीटर धावणं किंवा लांब उडी यांत विक्रम मान्य व्हायचा तर खेळाडूच्या पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याचा वेग सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. वारा नेमका २.० असला तर विक्रम मान्य, २.१ असला तर नाही. एवढ्याशा फरकावर एखाद्याचा विक्रम टिकतो किंवा जातो. तेव्हा व ≤ २ आणि व < २ यांतला फरक हा केवळ गुण कापण्यापुरता नाही.

नेहमी भेटणारे शब्द मी असे लावून ठेवले आहेत:

- ≤ : जास्तीत जास्त, कमाल, पेक्षा जास्त नको, ओलांडू नये
- ≥ : किमान, कमीत कमी, निदान, पेक्षा कमी नको, पूर्ण झालेली असावीत
- < : पेक्षा कमी, च्या खाली, पोहोचण्याआधी
- > : पेक्षा जास्त, च्या वर, ओलांडल्यावर

ही यादी पाठ करू नका. शंका आली की पुन्हा सीमेला विचारा, कारण काही शब्द खरोखरच डळमळीत आहेत. 'च्या आत' हा त्यांतला पहिला. '१० दिवसांच्या आत अर्ज करा' म्हटलं की दहाव्या दिवशी केलेला अर्ज बहुधा धरला जातो, पण '१० सेकंदांच्या आत धावला' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहापेक्षा कमी सेकंद येतात. 'पर्यंत'चंही कधी कधी असंच होतं. अशा वेळी उत्तराशेजारी 'दहावा दिवस धरला आहे' एवढं लिहा. तपासणाऱ्याला तुमचा विचार दिसतो आणि तुम्हालाही तो स्वतःशी स्पष्ट करावा लागतो.

४. चिन्ह लिहा, आणि मराठीतल्या तीन खाचा सांभाळा

चिन्हाचं उघडं तोंड मोठ्या संख्येकडे, टोक लहान संख्येकडे. एवढं बहुतेकांना माहीत असतं. तरीही चिन्हं उलटी पडतात, आणि त्याला मराठी वाक्याची रचना बरीचशी कारण आहे असं मला वाटतं.

पहिली खाच क्रमाची. मराठीत सीमा आधी येते: '१८ पेक्षा जास्त वय'. कानाला जो क्रम ऐकू आला त्याच क्रमाने हात लिहितो, '१८ > व'. म्हणजे वय अठरापेक्षा कमी! यावर उपाय म्हणजे वाक्य मनात फिरवून अक्षरापासून सुरू करणं: 'वय हे १८ पेक्षा जास्त', मग व > १८. अक्षर नेहमी डावीकडे लिहायचं असा नियमच करून घ्या. पुढे आलेख काढतानाही तो उपयोगी पडतो.

दुसरी खाच 'किमान' आणि 'कमीत कमी' यांची. शब्दात 'कमी' ऐकू येतं आणि हात < कडे जातो. पण 'कमीत कमी ७ तास झोप' म्हणजे सात, साडेसात, आठ, नऊ, म्हणजे सात आणि त्याहून जास्त: झ ≥ ७. 'जास्तीत जास्त'चं याच्या उलट. भाच्याला मी सांगितलं होतं की हे शब्द ऐकले की चिन्ह लगेच लिहू नकोस, आधी चालणारे दोन आकडे मोठ्याने म्हण. त्यानंतर त्याची ही चूक जवळजवळ थांबली.

तिसरी खाच 'ने' या एका अक्षराची. 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' म्हणजे क्ष − ५. इथे तुलना नाही, नुसती वजाबाकी आहे. 'ती संख्या ५ पेक्षा कमी' म्हणजे क्ष < ५. दोन्ही एकाच वाक्यात आले तर तुकडे करा. 'मीराची पुस्तकं तनयच्या पुस्तकांपेक्षा किमान ३ ने जास्त आहेत': आधी 'तनयपेक्षा ३ ने जास्त' म्हणजे त + ३, मग 'किमान' म्हणजे ≥. उत्तर म ≥ त + ३.

५. तीन आकड्यांची परीक्षा

असमानता लिहून झाली की तीन आकडे घ्या: सीमेच्या अलीकडचा एक, सीमेचा स्वतःचा, पलीकडचा एक. प्रत्येक आकडा आधी वाक्यात ठेवा, मग असमानतेत. दोन्हीकडून तीनही वेळा एकच उत्तर यायला हवं. लिफ्टसाठी ७, ८, ९ घेतले तर वाक्य म्हणतं चालेल, चालेल, नाही. म ≤ ८ ही असमानताही तेच म्हणते. याला अर्धा मिनिट लागतो. परीक्षेतही ही पायरी गाळू नका.

६. संख्यारेषा काढा

पट्टीने आडवी रेघ ओढा, दोन्ही टोकांना बाण. शून्यापासूनच सुरुवात केली पाहिजे असं काही नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंचे चार-पाच आकडे दिसले की पुरे. मग:

- सीमा आत असेल (≤, ≥) तर त्या आकड्यावर भरीव वर्तुळ.
- सीमा बाहेर असेल (<, >) तर पोकळ वर्तुळ.
- चालणाऱ्या आकड्यांच्या बाजूला जाड रेघ आणि टोकाला बाण.

व ≥ १८ असं दिसेल (वर्तुळ १८ वर आहे):

१५ ── १६ ── १७ ── ● ━━ १९ ━━ २० ━━▶

बाणाचा अर्थ 'हे असंच पुढे चालू आहे'. तो विसरलात तर रेघ जिथे थांबली तिथेच उत्तरं संपली असं वाचणारा समजेल.

चिन्हाचं टोक ज्या दिशेला, त्या दिशेला बाण, अशी एक युक्ती बरेच जण वापरतात. अक्षर डावीकडे असेल तोवर ती बरोबर चालते. पण ५ > क्ष लिहिलेलं असलं की तीच युक्ती फसवते: टोक उजवीकडे, उत्तरं मात्र डावीकडे. म्हणून आधी क्ष < ५ असं फिरवून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे, चालणारा एक आकडा रेषेवर ठेवून बघा आणि बाण त्याच्याकडे वळवा.

ऋण संख्यांशी इथे खरी गाठ पडते. 'डीप फ्रीझरचं तापमान उणे १८ अंश किंवा त्याहून थंड हवं.' उणे २० अंश चालेल का? चालेल, ते जास्त थंड आहे. पण 'जास्त थंड' यातला 'जास्त' फसवतो. थंडी जास्त म्हणजे तापमान कमी, आणि −२० हे −१८ च्या डावीकडे असतं. म्हणून त ≤ −१८:

◀━━ −२० ━━ −१९ ━━ ● ── −१७ ── −१६

'खोल', 'जुना', 'उशिरा' हे शब्द आले तरी असंच थांबा. आपण नेमकं काय मोजतोय, आणि ते वाढलं की आकडा वाढतो की घटतो, ते आधी बघा.

७. रेघ भरायची की ठिपके द्यायचे?

हा भाग पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. मला तो त्याहून मोठा वाटतो, कारण असमानता खऱ्या जगाला धरून आहे की नाही ते इथेच कळतं.

म ≤ ८ ची रेषा काढली आणि डावीकडे जाड रेघ बाणासकट ओढली, तर त्या रेघेवर ३.५ आहे आणि −२ सुद्धा आहे. लिफ्टमध्ये साडेतीन माणसं असतात का? उणे दोन? म्हणून माणसं, पुस्तकं, खुर्च्या अशा मोजायच्या गोष्टींसाठी रेघ न भरता ०, १, २ पासून ८ पर्यंत नुसते ठिपके द्यायचे. वजन, वेळ, लांबी, तापमान या मापायच्या गोष्टी. तिथे मधला प्रत्येक बिंदू शक्य असतो, म्हणून सलग रेघ. वजन आणि लांबी यांना शून्याखाली जागा नाही, तापमानाला आहे.

वाक्यात न सांगितलेली ही खालची सीमा शोधायची सवय लावा. शिक्षकांनी नुसती असमानता दिली असेल आणि प्रसंग नसेल, तर मात्र सलग रेघ आणि बाण हेच बरोबर.

याच फरकातून आणखी एक गोंधळ सुटतो. माणसांच्या बाबतीत म ≤ ८ आणि म < ९ यांचा अर्थ एकच, कारण आठ आणि नऊच्या मध्ये काही नाही. वजनाच्या बाबतीत ≤ ८ आणि < ९ अगदी वेगळे. साडेआठ किलो एकात बसतं, दुसऱ्यात नाही.

८. दोन बाजूंनी सीमा असेल तर

फुटबॉलच्या नियमांत संघात जास्तीत जास्त ११ खेळाडू असतात, आणि एखाद्या संघात ७ पेक्षा कमी उरले तर सामना सुरू करता येत नाही किंवा पुढे चालू ठेवता येत नाही. दोन वाक्यं वेगवेगळी लिहा: ख ≤ ११ आणि ख ≥ ७. मग एकत्र करा: ७ ≤ ख ≤ ११. खेळाडू मोजायचे असतात, म्हणून ७, ८, ९, १०, ११ वर पाच ठिपके.

त्याच खेळात सामना सुरू होताना चेंडूचं वजन ४५० ग्रॅमपेक्षा जास्त नको आणि ४१० ग्रॅमपेक्षा कमी नको. दोनदा 'नको' आलं तरी गोंधळू नका. 'जास्त नको' म्हणजे बरोबर किंवा कमी. म्हणून ४१० ≤ व ≤ ४५०. दोन्ही टोकांना भरीव वर्तुळं, मध्ये सलग रेघ, बाण कुठेच नाही.

लिहिताना लहान आकडा डावीकडे, मोठा उजवीकडे, दोन्ही चिन्हांची तोंडं एकाच दिशेला. ४५० ≤ व ≤ ४१० असं लिहिलं तर त्यात एकही संख्या बसत नाही.

९. थोडी आकडेमोड लागली तर

बॅगेत आधीच २ किलोचं सामान आहे आणि एकूण सामान १५ किलोंपेक्षा जास्त नको. आणखी क्ष किलो भरता येईल असं धरू: क्ष + २ ≤ १५, म्हणून क्ष ≤ १३. समीकरणासारखंच. वेगळं काही होतं ते दोन ठिकाणी.

एक, उत्तर अपूर्णांकात आलं की. रोज २० पानं वाचून किमान १५० पानं संपवायची आहेत: २०द ≥ १५०, म्हणून द ≥ ७.५. पूर्ण दिवस मोजायचे तर ८ लागतील. आता लिफ्टचं बघा. ती ६०० किलो उचलते आणि माणसाचं सरासरी वजन ७० किलो धरलं: ७०म ≤ ६००, म्हणून म ≤ ८.५७. इथे मात्र ८. जवळच्या पूर्ण संख्येकडे जायचं म्हणून ९ लिहिलं तर भार ६३० किलो होतो. वर जायचं की खाली, हे आकडा सांगत नाही, प्रसंग सांगतो.

दोन, ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं की चिन्ह उलटतं. कारण रेषेवरच दिसतं. ३ हे ५ च्या डावीकडे आहे. दोघांना −१ ने गुणलं की −३ हे −५ च्या उजवीकडे येतं. शून्यापाशी आरसा धरल्यासारखं डावं-उजवं बदलतं. उदाहरण: बॅटरी पूर्ण भरलेली आहे, तासाला १० टक्के उतरते, आणि किमान २० टक्के शिल्लक ठेवायची आहे. तास = त.

१०० − १०त ≥ २०
−१०त ≥ −८०
त ≤ ८

शेवटच्या ओळीत चिन्ह फिरवायला विसरलात तर त ≥ ८ येईल. तीन आकड्यांची परीक्षा इथे लगेच पकडते: ९ तासांनी १० टक्केच उरतात, म्हणजे ९ चालत नाही. ऋणाची भीती वाटत असेल तर १०त दुसऱ्या बाजूला न्या: ८० ≥ १०त, म्हणजे ८ ≥ त, म्हणजे त ≤ ८. लांबची वाट आहे, पण मी अजूनही बऱ्याचदा हीच घेते.

सराव

आधी स्वतः लिहा, रेषा काढा, मगच खालची उत्तरं बघा.

क. बॅटरी २० टक्क्यांच्या खाली गेली की सूचना येते. सूचना कधी येईल?
ख. क्रिकेटच्या बॅटची लांबी ३८ इंचांपेक्षा जास्त नको.
ग. सकाळी तापमान −४ अंश आहे. ते शून्याच्या वर जायला किती अंशांनी वाढायला हवं?
घ. दोन अंकी नैसर्गिक संख्या.

उत्तरं:

क. ब < २०. वर्तुळ २० वर पोकळ. रेघ डावीकडे ० पर्यंत, तिथे थांबते.
ख. ल ≤ ३८. वर्तुळ ३८ वर भरीव. शून्य लांबीची बॅट नसते, म्हणून ० वर पोकळ वर्तुळ आणि मध्ये सलग रेघ.
ग. −४ + क्ष > ०, म्हणून क्ष > ४. वर्तुळ ४ वर पोकळ, कारण नेमकं ४ अंशांनी वाढलं तर तापमान शून्यावर येतं, वर जात नाही.
घ. १० ≤ न ≤ ९९. सलग रेघ नाही, ९० ठिपके. सगळे काढत बसू नका: पहिले तीन-चार, मग '…', मग ९८ आणि ९९.